पाण्याला गेलेली म्हातारी

मलप्पाकाकांच्या ओट्यावरच्या बैठकीला जाताना मी दोनच गोष्टी ठरवल्या होत्या. चहा प्यायचा आणि गप्प बसायचं. चहा प्यालो. दुसरं जमलं नाही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. जिल्हा नवा, कलेक्टर कचेरीतल्या खुर्च्या नव्या, दारावरची पाटी तर इतकी नवी की हात लावला तर रंग बोटाला यायचा. जुना होता तो फक्त दुष्काळ. मी त्या कचेरीत आवक-जावकचा कारकून. (बाहेरून आलेल्या कागदावर शिक्का मारून तो आत ढकलायचा, आतून आलेल्यावर शिक्का मारून बाहेर ढकलायचा. कागदात काय लिहिलंय ते वाचायची या नोकरीत गरज पडत नाही, आणि मीही कधी तशी हौस केली नाही.) तरीपण जिल्ह्याचा कारकून म्हणजे तालुक्याच्या दोन कारकुनांच्या बरोबरीचा, असं माझं प्रामाणिक मत होतं आणि ते मी गल्लीत अधूनमधून कळवत असे.

आमची मठाची गल्ली. बहुतेक घरं आमची लिंगायतांचीच. मधोमध मठ आणि मठासमोर आड. या आडानं आजवर भलेभले उन्हाळे काढले, पण त्या वर्षी फाल्गुनातच पोहरा तळाला आपटून खडखड वाजायला लागला. चैत्र उजाडला तसा टँकर सुरू झाला. तो संध्याकाळी यायचा, तोही त्याच्या मनात आलं तर. बायका दुपारपासून घागरी रांगेला लावून उन्हात बसायच्या. आड खोल केला तर खडकाखाली पाणी आहे, असं जाणती माणसं सांगत होती. पण खडक फोडायला सुरुंगवाले हवेत, गाळ काढायला गडी हवेत, आणि या सगळ्यांना पैसे हवेत. बैठक त्यासाठी होती.

आमच्या मठापुढे दरवर्षी बसवजयंतीला कीर्तन होतं आणि कीर्तन संपलं की मठाची झोळी फिरते. मठाच्या दारात तिकीट लावायचं नाही, हा रिवाज. लोकांनी बसून ऐकायचं आणि शेवटी झोळी समोर आली की मनाला येईल ते टाकायचं. मधेच उठून गेला तो झोळीतून सुटला. त्यामुळे आमच्याकडे बुवा कितीही रटाळ असो, शेवट जोरात करतो.

"औंदा कीर्तनाऐवजी सिनेमा दाखवू," मलप्पाकाका म्हणाले. काकांची मोंढ्यात धान्याची आडत आहे. कशाबद्दलही बोलताना ते मुठीत ज्वारी धरून पारखल्यासारखे बोलतात. "जुना बघून आणू एखादा, काळा-पांढरा. भाडं कमी लागंल, गोष्ट चांगली असंल. लोक शेवटपर्यंत बसतील, झोळी भरंल."

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

"काका, काळा-पांढरा?" मी म्हणालो. "जिल्ह्याच्या ठिकाणी?"

"मग काय झालं?"

"अहो, लोक गोष्ट बघायला येतात का? गोष्टी तर घरी बी असतात. लोक खर्च बघायला येतात, खर्च! ज्या सिनेमात पैसा ओतला, तो चालला. बाकीचे सगळे डब्यात."

आणि मग मी नांदेडला लागलेल्या एका सिनेमाबद्दल बोललो. (त्याचं नाव काढायला आमच्या घरात बंदी आहे, म्हणून इथेही काढत नाही.) त्यात खरा महाल होता, खरं हेलिकॉप्टर होतं, बर्फातलं गाणं होतं. हे सगळं मला कचेरीतल्या शिपायानं सांगितलं होतं, पण मी ते असं सांगितलं की जणू महालाची वाळू मीच चाळली.

"तुम्ही बघितलाव का त्यो?" काकांनी विचारलं.

"बघणार आहे. बघून, पारखून, मगच आणतो. या सिनेमावर आड खोल झाला नाही तर मला विचारा."

काका नुसतं "बरं" म्हणाले. आडतीवाल्या माणसाचं "बरं" ऐकून मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

घरी येऊन मी हा विजय रत्नम्माला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, सांगितला. ती भाकरी थापत होती.

"खर्चानं काय व्हतंय?" ती म्हणाली. "माझ्या चुलत्यानं लग्नात घोडा आणला, बँड आणला, दारू उडवली. अन् नवरी कोणती व्हती ते आजपत्तर कुणाला आठवत न्हाई."

"तुला सिनेमातलं काय कळतं?"

"मला न्हाई कळत. पर आडाचं कळतंय. घागर मी घेऊन बसतीय रांगेला, तुम्ही न्हाई. ह्यो आड न्हाई ना झाला, तर पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी. तुम्ही अन् तुमचं हेलिकॉप्टर बसा एकमेकाकडं बघत."

ती हे हसत म्हणाली नाही. भाकरीवर तिचा हात जरा जोरात पडला. मी मात्र जास्तच जिद्दीला पेटलो. तिला घेऊन नांदेडला जायचं, सिनेमा दाखवायचा आणि तिच्याच तोंडून "चुकलं माझं" वदवून घ्यायचं, असा निश्चय केला.

रविवारी पहाटेच्या एस.टी.नं निघालो. नांदेडला उतरून आधी सिनेमाची रिळं भाड्यानं देणाऱ्या एजंटाकडे विसार दिला (पारखायचं नंतर, विसार आधी. मोठ्या सिनेमाला गिऱ्हाइकं फार असतात), मग ऑटोनं थिएटर गाठलं आणि बाराच्या खेळाला बसलो.

काय तो खर्च! महाल पडद्यावर आला तशी रत्नम्मानं माझा हात घट्ट धरला. म्हटलं, भारावली.

"किती पाणी वाया घालून राहिलेत ओ," ती म्हणाली.

महालात कारंजी होती. दुष्ट ठाकूर त्या कारंज्यांमध्ये बसून हुक्का ओढत होता आणि महालाच्या पायथ्याचं गाव तहानलेलं होतं. हिरो परदेशातून यायचा होता. त्याची आई, एक म्हातारी, त्याच गावात राहत होती. इंटरवलच्या जरा आधी ती काखेत घागर घेऊन उन्हात पाण्याला निघाली. ती पडद्याच्या कडेनं गेली आणि त्याच कडेनं हेलिकॉप्टर आलं. थिएटरात शिट्ट्या झाल्या. मीही एक मारली. इंटरवल झाली आणि मी उठलो.

"चल."

"कुठं? अर्धाच झालाय की."

"टँकर संध्याकाळी येतो. शरणम्माआजीला घागर लावायला सांगितलंय, पण टँकर आल्यावर आपण तिथं नसलो तर नंबर गेला."

"अवो, ती म्हातारी पाण्याला गेलीय. यायची हाय अजून."

"येईल की! सिनेमात कुणी हरवत नसतं. महाल बघितला, हेलिकॉप्टर बघितलं. पुढं काय असणार? हेच, जास्तीचं."

रत्नम्मा उठली, पण दारापर्यंत मागे वळून वळून पडद्याकडे बघत होती. एस.टी.त ती बोलेना. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. मला वाटलं, आता कबूल कसं करावं याचा विचार चाललाय. चाकूरला तिनं तोंड उघडलं.

"एवढ्या उन्हाचं म्हातारीला एकटीला पाठवायचं काय नडलं व्हतं?"

मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी मला एक नामी युक्ती सुचली. बायका रांगेत तासन्तास बसतात. त्यांना रत्नम्मानं सिनेमाची गोष्ट इंटरवलपर्यंत सांगायची. पुढचं काय ते मठापुढे येऊन बघा, म्हणायचं. फुकटात जाहिरात! मुंबईवाल्यांनासुद्धा हे सुचलं नसतं, असं मी रत्नम्माला म्हणालो. ती "बरं" म्हणाली. (त्या आठवड्यातलं हे दुसरं "बरं". मला आपलं दोन्ही वेळा कौतुकच वाटलं.)

जाहिरात विलक्षण झाली. दोन-तीन दिवसांत शेजारच्या गल्लीतल्या बायका स्वतःचा टँकर सोडून आमच्या रांगेत येऊन बसायला लागल्या. संध्याकाळी कचेरीतून यावं तर ओट्याओट्यावर म्हातारीची चर्चा. आणि मग एक दिवस माझ्याच टेबलावर एक तक्रार आवकला आली: मठाच्या गल्लीत टँकर विनाकारण उभा राहतो आणि पुढच्या वस्तीला पोचेपर्यंत अंधार पडतो. एरवी मी कागद वाचत नाही. हा वाचला, कारण आमच्या गल्लीचं नाव दिसलं. चौकशीला गेलो तर टँकरचा ड्रायव्हर टपावर मांडी घालून बसलेला, नळी तशीच वाहतेय की बंद आहे याचं त्याला भान नाही, आणि खाली रत्नम्मा घागरीवर बसून सांगतेय.

"...मग म्हातारी आडाच्या काठावर आली. वाकून बघती तर काय, तळाला वाटीभर पाणी!"

मी तिला बाजूला घेतलं.

"हे कुठलं? आपण तर इंटरवलला उठलो होतो."

"हाव."

"मग पुढचं तुला काय माहीत?"

"तुम्ही म्हणलाव तसं इंटरवलवर थांबवलं व्हतं मी. तर बाया म्हणल्या, म्हातारीचं काय झालं ते सांगितल्याबिगर घागर भरू देणार न्हाई. शरणम्माआजीनं तर माझी घागरच उचलून मांडीवर घेतली. मग काय करावं? सांगितलं."

"अगं, पण न बघता?"

"तुम्ही तरी कुठं बघितलाव? तुम्हीच म्हणलाव, पुढं काय असणार, हेच, जास्तीचं. मी बी हेच जास्तीचं सांगून राहिलीय."

मग विचार केला, काय बिघडलं? म्हातारी पाण्याला गेली म्हणजे पाणी घेऊन परत येणार. दुसरं काय करणार? रत्नम्मानं चार गोष्टी इकडच्या तिकडं सांगितल्या तरी हेलिकॉप्टर पडद्यावर आलं की लोक सगळं विसरतील. खर्चापुढे गोष्ट टिकत नसते. तक्रारीवर शिक्का मारला आणि आत ढकलून दिली.

बसवजयंतीला सकाळी मिरवणूक झाली आणि दुपारच्या गाडीनं नांदेडहून साहेबराव आला. साहेबराव म्हणजे मशीन चालवणारा ऑपरेटर. मठाच्या भिंतीपासून मलप्पाकाकांच्या गच्चीपर्यंत पांढरा पडदा ताणला. दिवेलागणीला बघतो तर पाय ठेवायला जागा नाही. आमची गल्ली, शेजारची गल्ली, मोंढ्यातले हमाल, तो टँकरचा ड्रायव्हर, तक्रार करणारी वस्ती, सगळे पोती-सतरंज्या घेऊन हजर. मी माइक हातात घेऊन सिनेमाला काय काय खर्च आला ते सविस्तर सांगितलं. (मला ठाऊक नव्हता. पण जिल्ह्याचा कारकून आकडा सांगतो तेव्हा लोक मान डोलावतात.) मठाची झोळी खुंटीला लावली होती. सिनेमा संपला की ती फिरायची.

पूर्वार्ध बहारीचा झाला. महाल आला, लोक "ओहो" म्हणाले. हेलिकॉप्टर आलं तेव्हा तर शिट्ट्यांनी मठावरची कबुतरं उडाली. मी अंधारात मलप्पाकाकांना शोधून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात सुखाचा काळ. पुढचं रीळ चढवेपर्यंत टिकला.

इंटरवलमध्ये कुणी उठलं नाही. उलट बायका पुढे सरकून बसल्या. "आता म्हातारी ईल," शरणम्माआजी सगळ्यांना सांगत होती. आजी गल्लीतली सगळ्यात वडीलधारी. मठातल्या स्वामींनासुद्धा अरे-तुरे करते.

उत्तरार्ध सुरू झाला. मोटारी धावल्या. मोटारी आपटल्या. हिरोनं गुंडांना मारलं, मग दुसऱ्या गुंडांना मारलं. पुन्हा महाल, पुन्हा कारंजी. म्हातारी नाही. चुळबुळ सुरू झाली. पुन्हा मोटारी. कुणीतरी खाकरलं. मीही आता मनातल्या मनात म्हातारीची वाट बघायला लागलो होतो, कारण मलाही पुढचं माहीत नव्हतं.

शेवटी शरणम्माआजी उभी राहिली. तिची सावली हिरोच्या छातीवर पडली.

"ओ मशीनवाल्या! म्हातारी कुठाय?"

"कोणती म्हातारी?" साहेबरावानं विचारलं.

"पाण्याला गेलेली!"

"आजी, मी ह्यो पिक्चर भोकरपासून देगलूरपत्तर दाखवलाय. ती म्हातारी एकदा गेली ती गेली. परत येत न्हाई."

आणि मग जो गलका उठला!

"परत येत न्हाई म्हंजी?"

"हिरोला आईची काही हाय का न्हाई?"

"रीळ कापलंय! म्हातारीचं रीळच आणलं न्हाई!"

"कारकुनानं भाडं वाचवायला म्हातारी नांदेडलाच ठेवली!"

बघा आता. ज्या माणसानं खर्चासाठी एवढा आटापिटा केला, त्याच्यावर चिक्कूपणाचा आळ! पण मी हार मानणारा नव्हे. साहेबरावाकडे धावलो आणि म्हणालो, "हेलिकॉप्टर लावा." त्यानं मागचं रीळ चढवून हेलिकॉप्टर दाखवलं. दोन-चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. "पुन्हा लावा," मी म्हणालो. पुन्हा लावलं. या वेळी टाळ्या मी एकट्यानं वाजवल्या. मग मी माइक घेतला.

"शांत राहा! म्हातारी सुखरूप आहे!"

"कुठं हाय?" टँकरचा ड्रायव्हर ओरडला.

"ती... वाटेत आहे. लोह्याच्या पुढं आली असेल."

हे ऐकून लोक उठायलाच लागले. पोती झाडली, सतरंज्या गुंडाळल्या. झोळी खुंटीला तशीच लटकत होती आणि माणसं तिच्यासमोरून चालली होती. सुरुंगवाल्याला मी आगाऊ सांगून ठेवलं होतं की अमक्या दिवशी ये. मला एकदम आडाचा कोरडा तळ दिसला आणि त्याच्या काठावर घागर घेऊन उभी असलेली रत्नम्मा दिसली.

मलप्पाकाका पुढे आले. माझ्या हातातला माइक त्यांनी अलगद काढून घेतला, पोराच्या हातातला विळा काढून घ्यावा तसा.

"रत्नम्मा," ते म्हणाले, "म्हातारीला आता तूच आणू शकतीस, बाई. ऊठ."

रत्नम्मा डोक्यावरचा पदर सारखा करत उठली. माइक तिनं घेतलाच नाही. सरळ साहेबरावाजवळ गेली.

"दादा, आवाज बंद करून नुसतं चित्र चालवता येतंय का?"

"येतंय की."

"मग चालवा. थांबलं व्हतं तिथून."

पडद्यावर हिरोची मोटार मुकाट धावायला लागली. रत्नम्मा पडद्याच्या कडेला उभी राहिली आणि रांगेत सांगायची त्याच आवाजात म्हणाली, "हे बघा. पोरगं आईला हुडकायला निघालंय."

निघालेले लोक थांबले.

हिरोनं एका गुंडाची गचांडी धरली. "विचारतंय, माझी आई बघितलाव का? त्यो म्हणतोय न्हाई." हिरोनं ठोसा लगावला. "खोटं बोलला. आता दुसऱ्याला विचारतंय." दुसऱ्यालाही ठोसा. पोती परत अंथरली गेली.

मग बर्फातलं गाणं आलं. हिरो आणि हिरॉईन हातात हात घालून थयथय नाचत होते.

"आई हरवली अन् नाचतंय व्हय?" शरणम्माआजी कडाडली.

"नाचत न्हाई, आजी. थंडी वाजून राहिलीय. हुडकत हुडकत पार हिमालयात गेलंय. तिच्या अंगात बी बिनबाह्याचं पोलकं. काय करंल बिचारी?"

"अव्वा!" बायका हळहळल्या.

हेलिकॉप्टर पुन्हा आलं. या वेळी एकानंही शिट्टी मारली नाही. "वरून बघून राहिलंय," रत्नम्मा म्हणाली. "एवढं रान वाळून गेलंय, त्यात एक म्हातारी कुठं दिसती का. पर ती वरून दिसायची न्हाई. ती आडात उतरलीय. तळाला वाटीभर पाणी हाय, ती वाटी-वाटीनं घागर भरून राहिलीय. घागर भरल्याबिगर वर येणार न्हाई. आपण तरी कुठं येताव?"

पहिल्या ओळीतल्या चतुराबाईनं पदर डोळ्याला लावला. मीसुद्धा नाक ओढलं. (धुरळा फार होता.)

मग ठाकूर आला. त्याच्या मागे बगलेत कागदांचं भेंडोळं धरून एक टोपीवाला माणूस चालला होता. मला तो आधी दिसलाच नव्हता.

"ह्यो आला मुनीम!" रत्नम्मा म्हणाली, आणि सगळ्या बायका एकदम खुदखुदल्या. रांगेत त्यांची आणि मुनिमाची चांगलीच ओळख झाली होती असं दिसलं. "ह्यो अर्धं बघतंय अन् पूर्ण सांगतंय. ठाकूर इचारतोय, मुनीम, म्हातारी आडात हाय का? मुनीम वाकून बघतंय का? न्हाई. उभ्या उभ्याच सांगतंय, 'न्हाई मालक, म्हातारी कवाच घरी गेली, मी सोता बघितलं!'"

पडद्यावरच्या टोपीवाल्यानं बरोबर त्याच वेळी हात उंच करून कुठेतरी दाखवलं आणि लोक हसून लोळले. ठाकूर वळला की मुनीम वळायचा. ठाकूर रागावला की मुनीम मान डोलवायचा. प्रत्येक वेळी रत्नम्मा त्याच्या तोंडी काहीतरी घालायची. इतकं मूर्ख पात्र मी आजवर पाहिलं नव्हतं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचे लोक मागे वळून माझ्याकडे बघत होते आणि जास्तच हसत होते. मी यजमान, म्हणून बघत असतील असं वाटलं. मीही त्यांना हात केला.

शेवटी महालाला स्फोट झाला. खांब ढासळले, भिंती उडाल्या.

"लागला सुरुंग!" रत्नम्मा ओरडली. "पोरानं महालाखालचा खडक फोडला! आडात पाणी आलं! अन् म्हातारी, घागर काखंत घेऊन, पाण्यासंगं वर!"

पडद्यावर कारंज्याचा नळ फुटून पाणी आभाळात उडत होतं. तिथेच सिनेमा संपला. म्हातारी कुणालाच दिसली नाही, पण सगळे ती बघितल्यासारखे उभे राहिले. साहेबराव मशीन बंद करायचं विसरून टाळ्या वाजवत होता.

झोळी फिरली. परत येताना ती एकट्या माणसाला उचलेना. ड्रायव्हरनं तर खिशातलं टाकलंच, वर "उद्या दोन खेपा टाकतो" म्हणून गेला. मलप्पाकाका मला म्हणाले, "तुमचं हेलिकॉप्टर बी कामाला आलं बघा." हे कौतुक होतं की काय, ते मी त्यांना विचारलं नाही.

सुरुंगवाले आले. कितीतरी दिवस गल्ली धडाधड हादरत होती, दगडगोटे वर येत होते, आणि रोज संध्याकाळी रत्नम्मा काठावर येऊन वाकून बघायची. मग एका सकाळी खाली उतरलेला गडी ओरडला, आणि बायका हातातलं काम टाकून धावल्या. खडकाच्या कपारीतून पाणी पाझरत होतं. दोन दिवसांत पोहरा बुडायला लागला. आडाची पूजा झाली. नारळ फोडायचा मान मला देतील म्हणून मी धुतलेला सदरा घालून गेलो होतो. तो मान रत्नम्माला दिला. मला नारळाची शेंडी धरायला दिली.

पूजा झाल्यावर रत्नम्मानं पहिली घागर भरली. ती इतकी आनंदात होती की म्हटलं, हीच वेळ. आता मोठ्या मनानं तिचं कौतुक करावं.

"गोष्ट चांगली सांगितलीस," मी म्हणालो. "म्हातारीचं ठीक आहे, ती सिनेमात होती. पण तो मुनीम? तो तर सिनेमात एक शब्द बोलत नाही. एवढं बिनडोक पात्र तुला सुचलं तरी कुठून?"

तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाकीच्या समद्यायला लई इचार करावा लागला," ती म्हणाली. "म्हातारीला तर रात्र रात्र झोप न्हाई. मुनीम तेवढा आयता सापडला. घरचाच व्हता, काही खर्च न्हाई."

मला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा ती घागर घेऊन निघून गेली होती आणि दुसरी घागर माझ्यासाठी भरून काठावर ठेवली होती. मी ती मुकाट्यानं खांद्यावर घेतली आणि घराकडे निघालो. ओट्यावर मलप्पाकाका बसले होते.

"काय मुनीमजी," त्यांनी हाक मारली, "पाणी कसं लागलंय? गोड हाय का?"

"एक नंबर गोड, काका!" मी ठणकावून सांगितलं. "साखर घातल्यासारखं!"

(चाखायचं अजून राहिलं होतं.)